तुझ्या डाव्या गुडघ्याविषयी

प्रिय मिताली दी,

हे पत्र तुला वाचता आलं नसतं. मराठीतलं तुला 'बस, जेवून जा' एवढंच येत होतं, तेही माझ्या लेकीनं, सईनं शिकवलेलं. आपण बोलायचो हिंदीत, आणि तिथे मी तुला आप म्हणायचे. पण मराठीत मोठ्या बहिणीला तूच म्हणतात, म्हणून आज तू. रागावू नकोस.

तू गेलीस तेव्हा मी एक ओळही लिहिली नाही. काल मात्र असं काही कळलं की तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडेना. दुसऱ्या कुणाशी बोलू? सई तर दार लावून बसली आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं दोहा रिकामं होतं, तशीच तूही कोलकात्याला गेलीस. 'सप्टेंबर में नया पीस शुरू करेंगे' म्हणालीस. सप्टेंबरात सगळे परतले. तू नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं तुझ्या यजमानांनी, दादांनी व्हॉट्सॲपवर कळवलं. ना तुझं शेवटचं दर्शन, ना हार, ना नमस्कार. फोनवरच्या त्या दोन ओळींशी माणसानं काय करायचं?

या देशात आपलं माणूस गेलं की मागे काही उरत नाही गं. दादा एकदाच आले आणि नोकरी सोडून, सामान विकून परत गेले. अल नस्रच्या तुमच्या फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं. ज्या हॉलमध्ये आपण डायनिंग टेबल भिंतीला सरकवून नाचायचो, तिथे त्यांनी भलामोठा सोफा टाकलाय. बाल्कनीतून दिसतो. मी उगीचच त्या रस्त्याने गाडी घेते.

आठवतं, मी तुझ्याकडे शिकायला पहिल्यांदा आले तेव्हा काय विचारलं होतं? 'बंगालला स्वतःचं शास्त्रीय नृत्य आहे?' पुण्यात लहानपणी कथक शिकलेली मी, केवढ्या तोऱ्यात विचारलं! तू हसलीस. मग फोनवर भाजक्या मातीच्या देवळांचे फोटो दाखवत बसलीस. भिंतभर नाचणाऱ्या बायका. गौडीय नृत्य. लोक विसरून गेले होते, आणि तुझ्या गुरूंच्या पिढीने त्या मूर्ती, जुनी पुस्तकं, कीर्तन आणि खोल नावाच्या मृदंगाचे बोल यांवरून ते पुन्हा जुळवलं. 'मूर्ति में जो है वही करो, अपना मिलावट मत डालो,' हे तर तू रोजच म्हणायचीस. माझ्यातलं कथक जरा डोकावलं की मनगटावर चापट बसायची.

काल तुझ्याबरोबर शिकलेल्या शुभ्रा दी कोलकात्याहून आल्या होत्या. तुझा वर्ग बंद पडू नये म्हणून स्वतःहून आल्या. अल रय्यानमधल्या एका शाळेचा हॉल मिळाला. मुली नटूनथटून आल्या, मीही त्यांच्यात उभी राहिले. आम्ही तुझी सरस्वती वंदना केली. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येणार.

त्या म्हणाल्या, 'तुम सब दाहिने तरफ क्यों झुकते हो?'

कुणाला प्रश्नच कळला नाही. नाचात तू गुडघे उघडून अर्धवट बसायचीस, तशाच बसलो होतो आम्ही. डावा गुडघा थोडासाच वाकलेला, भार उजवीकडे, तोल सावरायला मान डावीकडे. किती गोड दिसायचं ते! दिवाळीच्या कार्यक्रमात लोक म्हणायचे, ही तर मितालीच्या मुलींची खूण. शुभ्रा दींनी मूर्तीचा फोटो समोर धरला. दोन्ही गुडघे सारखे उघडलेले, पाठ सरळ. हा फोटो आम्ही तुझ्याच फोनवर कितीदा पाहिला होता. पण बघायचो तुझ्याकडे.

सई म्हणाली, 'बट दॅट्स हाऊ मिताली दी डझ इट!'

शुभ्रा दींनी फोटो खाली ठेवला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, 'उसका घुटना इतना खराब हो गया था? हम लोगों के साथ सीखती थी, तब गिरी थी. ठीक हो गया बोलती थी सबको.'

मिताली दी, का नाही सांगितलंस? जिना उतरताना तू कठडा धरायचीस. एकदा मी विचारलंही, दुखतंय का? 'अरे नहीं, मौसम का है.' दोह्यात कसला आलाय मौसम! आमच्या मनगटावर चापट मारणारी तू, आणि स्वतःचं दुखणं त्या नाचात मिसळत होतीस. धडधाकट गुडघ्यांच्या आठ-आठ वर्षांच्या पोरी तुझी वेदना पाठ करत होत्या आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. खूप राग आला मला तुझा. आणि त्याहून जास्त रडू आलं.

निघताना शुभ्रा दींनी वर्ग माझ्यावर सोपवला. एकच अट: तो झुकाव काढायचा.

घरी येताना गाडीत सई म्हणाली, 'आय वोंट चेंज इट. इट्स ऑल वी हॅव ऑफ हर.'  मलाही तेच वाटत होतं. तुझा फ्लॅट गेला, आवाज गेला. आता या गावात तू उरली आहेस ती त्या पोरींच्या कमरेत. तीही मीच पुसायची का?

रात्रभर तुझ्याशी भांडले. तुझी बाजू मीच मांडत होते, आणि हरतही मीच होते. एवढ्या कष्टानं परत आणलेला नाच, आणि आपण त्यात एका माणसाचं दुखणं कोरून ठेवायचं? तूच सगळ्यात आधी चापट मारली असतीस.

सईशी उद्या बोलेन. ऐकेल की नाही, माहीत नाही.

तुला वचन देते, दी. येत्या शुक्रवारपासून एकेकीचा डावा गुडघा हाताने धरून उघडेन. ईदच्या सुट्टीपर्यंत एकही मुलगी उजवीकडे झुकणार नाही. माझं अंग मात्र आता बदलायचं नाही, मी करून पाहिलं. म्हणून शिकवताना मी नाचणार नाही. खुर्चीवर बसेन, तोंडाने सांगेन, फोटो दाखवेन, पण माझ्याकडे बघू देणार नाही. तुझा झुकाव माझ्यात राहील, आणि माझ्यापाशीच संपेल.

तुझी,
अनघा