मुद्दाम सोडलेला चेंडू

सोलापूर, फेब्रुवारी १९७९

प्रिय वीरभद्रप्पा,

लग्नाआधी तुमचं नाव घेऊन घेते, नंतर उखाण्याशिवाय घेता यायचं नाही. तेही लग्न झालं तर. अप्पा पत्रिका छापायला निघाले होते, मी त्यांना थांबवलंय. का, ते सांगतेच. पण आधी तुमच्या पत्राला उत्तर देते, नाहीतर म्हणाल, दाक्षायणीला खेळातलं काही कळत नाही.

मुंबईत तुमच्या दुकानात टीव्हीवरच्या खेळाचा नवा डबा आलाय, त्यात टेनिस, हॉकी, फुटबॉल सगळं आहे, म्हणून पानभर कौतुक केलंत. सगळ्यांत त्याच पांढऱ्या पट्ट्या आणि तोच चौकोनी चेंडू ना? मग नाव बदललं की खेळ बदलतो होय? लोकांना काय खुळं समजतात हे कंपनीवाले! मोटारीच्या खेळाचं लिहिलंत. रस्ता तेवढा सरकतो आणि गाडी जागच्या जागी. त्यापेक्षा अक्कलकोटच्या एसटीत खिडकीपाशी बसलेलं काय वाईट? आणि जपानात निघालेला तो, आभाळातून राक्षस रांगेनं खाली येतात आणि आपण एकट्यानं गोळ्या झाडायच्या, तो इकडेही येणार म्हणून तुम्ही हरखलात. मला नाही आवडला, न बघताच. समोर माणूस नाही तो कसला खेळ? जिंकल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

मी नेहमी तोंडाकडे बघते. आमच्या घरात कॅरम, पत्ते, सोंगट्या, सगळं मी जिंकते आणि पुरुष मंडळी फुगून बसतात. काका तर पट उधळून उठतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या, सिद्धम्माक्काच्या लग्नात हळदीच्या पाण्यातली अंगठी तिच्या हाताला आधी लागली, तर भावजी जेवायलाच बसेनात. तेव्हापासून आईचं, म्हणजे आमच्या अव्वाचं, एकच पालुपद, "अंगठी घावली तरी सोडून द्यायची बाई, त्यास्नी घावू दे की." मला याचा संताप येतो. हाताला लागलेली अंगठी सोडायची, वर हरल्याचं सोंग करायचं आणि मग जन्मभर तेच करत राहायचं!

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत आपली दोन्ही घरं एकमेकांना बघायला जमली. मोठी माणसं चहाला थांबली आणि आपण त्या टीव्हीच्या खेळाच्या तंबूत शिरलो. आमच्या गल्लीत कुणाकडे साधा टीव्ही नाही, मी ते यंत्र पहिल्यांदाच बघत होते. पडद्यावरची पट्टी वरखाली करायची एक चकती तुम्ही धरलीत, एक मी. आणि मी तुम्हाला हरवलं. पुन्हा खेळलो, पुन्हा हरवलं. गर्दीतली माणसं तुम्हाला चिडवत होती आणि तुम्ही खदखदा हसत होता. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

परवा तुमची बहीण निंगव्वा मंगळवेढ्याचा हुरडा घेऊन आली. चहा पिता पिता म्हणाली, "दादा लई हुशार हाय बगा, वैनी. मुंबईत रोज तीच मशीन दुरुस्त करतोय, आन् तुमच्यापुढं मुद्दाम हरला. पोरगी कशी खूश झाली म्हणून सांगत हुता की!" सगळे हसले. अव्वासुद्धा. मी न्हाणीत जाऊन रडले, रागानं रडले. मग एकेक आठवायला लागलं. चेंडू वरून यायचा तेव्हा तुमची पट्टी खालीच थांबलेली असायची. स्वतःला खेळणारी म्हणवते आणि एवढं दिसलं नाही मला! तुम्ही प्रेमानं केलंत, हे कळतं. पण लहान पोरापुढं हरतात तसे हरलात. बायकांना जे सोंग शिकवतात, तेच माझ्यासमोर केलंत, आणि वर घरी जाऊन सांगितलंत. तुमच्या त्या राक्षसांचं एक बरं, समोर मुलगी आहे म्हणून ते हळू उतरत नसतील.

आता हे सगळं का लिहितेय ते. त्या संध्याकाळी अप्पांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, ते तुमची नोकरी बघून नाही की मुंबई बघून नाही. हरूनही न चिडणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहिला होता, म्हणून. पण मुद्दाम हरलेल्याला हसायला काय जातंय? खरोखर हरल्यावर तुम्ही कसे दिसता, हे मला माहीतच नाही, आणि ते बघितल्याशिवाय मी तुमच्या घरात पाऊल टाकणार नाही. तेव्हा पाडव्याच्या आत तो डबा आणि एक टीव्ही घेऊन सोलापूरला या. सगळ्यांसमोर खेळू. जीव लावून खेळा. तुमचा हात रोज त्यावर चालतो, पहिल्यांदा तुम्हीच जिंकाल. जिंका. मग पुन्हा खेळू, मी खरीखुरी जिंकेपर्यंत खेळू. तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघेन आणि अप्पांना पत्रिकेचं काय ते सांगेन. आणि तोवर हरताना मी चिडणार नाही, असं मात्र समजू नका. मी भयंकर चिडते. तेवढं तुम्हीही नीट बघून घ्या, आणि मग तुम्हालाही नको म्हणायची मुभा आहे.

'तुमचीच' लिहायचं तूर्त राखून ठेवलेली,
दाक्षायणी