पेट्रोलात ओतलेलं तेल

प्रिय मंजू,

अप्पाचं पत्र बघून घाबरू नको. घरी समदे खुशाल हायेत. आईचा गुडघा दुखतो, पण तोंड झकास चालतंय. मी दोनदा तुला फोन लावला अन् दोन्ही वेळा, जेवलीस का, एवढंच इचारून ठेवून दिला. तोंडानं जमत न्हाई, म्हणून लिहायलोय.

आपल्या सात घरांच्या नावेला पुन्हा नवं इंजिन घ्यायचंय. आत्ताचं जुनं टू-स्ट्रोक पार खिळखिळं झालंय. पेट्रोल ढोसतंय, धूर ओकतंय, अन् धरणाच्या पाण्यावर तेलाचा तवंग धरतोय. माशाला वास येतो म्हणून मासेवाली चंद्रम्मा रोज आमचा उद्धार करते. तरी काशप्पा म्हणतोय, टू-स्ट्रोकच घ्या. हलकं असतं, खांद्यावर टाकून घरी नेता येतं, अन् लुना खोलणारा कुणीबी ते खोलतो. फोर-स्ट्रोकचं नाव काढलं की समद्यांचं एकच, मागं आप्पारावच्या पोरीचं ऐकलं अन् बुडालो. मी, त्या पोरीचा बाप, तिथंच बसून तंबाखू मळत असतो.

तीन वर्षं झाली, पोरी. तवा तू बिदरला पॉलिटेक्निकला होतीस. दोन्ही इंजिनांची माहिती वहीत लिहून आणलीस अन् देवळापुढं बसून म्हाताऱ्यांना समजावलंस. फोर-स्ट्रोक जड हाय, महाग हाय, पण पेट्रोल कमी खातं, आवाज कमी, पाणी नासत न्हाई. काय अभिमान वाटला होता मला! काशप्पासुद्धा कबूल झाला अन् सात घरांनी पैसे घालून फोर-स्ट्रोक आणलं.

मग पहिलं तेल बदलायची पाळी आली. तू दुपारी जुनं तेल काढलंस, पार निथळू दे म्हणालीस अन् परीक्षेसाठी बिदरला निघालीस. जाताना दोनदा बजावलंस, अप्पा, सकाळी खालचं बूच घट्ट करा अन् हा नव्या तेलाचा डबा इंजिनाच्या टोपणातून आत ओता, पेट्रोलात न्हाई. मी उखडलो. बापाला शिकवायलीस का, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भालकीचा बाजार. नावेत माणसं चढायलेली, बाजाराला निघालेला राघोबा घाई करायलेला. बूच घट्ट केलं. पंधरा वर्षं लुना चालवली मी, तिला तेल पेट्रोलातच. तसाच डबा उचलला अन् टाकीत उपडा केला. अर्धा ओतल्यावर तुझं बोलणं आठवलं. खोटं कशाला सांगू? आठवलं. पण एवढ्या माणसांदेखत टाकी रिकामी कोण करणार? तेल शेवटी तेलच, असं मनाशी म्हणालो अन् दोरी ओढली. मधोमध पाण्यात, पोटात तेलाचा थेंब नसलेलं इंजिन किंचाळलं अन् जाम झालं. बाया रडायल्या. वल्ही मारत कसेबसे काठाला लागलो. ते इंजिन काही दुरुस्त झालं न्हाई, मग जुनं टू-स्ट्रोकच परत लावलं.

तू परत आलीस तवा समदे देवळापुढं जमले होते. काशप्पानं मला इचारलं, पोरीनं तेल कुठं ओतायचं ते सांगितलं होतं का? मी खाली बघून न्हाई म्हणालो. मंजू, तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालीस, व्हय, माझीच चूक, सांगायचं इसरले. घरी येऊन मला भाकरी वाढलीस. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

पुढं पॉलिटेक्निक सोडलंस अन् पुण्याला कारखान्यात खोकी भरायला गेलीस. लोक म्हणतात, पोरगी लाजंनं गेली. मला ठाऊक हाय, तू लाजंनं न्हाई गेलीस. माझं तोंड बघवंना म्हणून गेलीस. माझं खोटं तुझ्या आईलाबी अजून माहीत न्हाई.

येत्या गुरवारी इंजिनाची बैठक हाय. तिथं उभं राहून खरं काय ते सांगायचं ठरवलंय. पण तुझा बाप कसला भित्रा हाय ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? मागच्या दोन बैठकांनाबी हेच ठरवून गेलो होतो अन् चहा पिऊन परत आलो. म्हणून हे पत्र आधी टपालपेटीत टाकायलोय, म्हणजे मला मागं फिरता येणार न्हाई. अन् तरीबी गुरवारी माझी जीभ उचलली न्हाई, तर हा कागद घेऊन तू ये अन् देवळापुढं मोठ्यानं वाचून दाखव. कुणी खोटं म्हणू नये म्हणून खाली पुरं नाव लिहिलंय.

तुझाच अप्पा,
आप्पाराव हणमंतप्पा बिरादार