क्लचचं बेअरिंग आणि सिरिल

मी, एनिड वॅगस्टाफ, वय ७४, अविवाहित, राहणार ॲबिंग्डन, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्यासमोर शब्दकोडं सोडवायला बसावं. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द.

१. घर व बँकेतली शिल्लक गावच्या वाचनालयाला. अट एकच: रहस्यकथांची शेवटची पानं कोण फाडतं, त्याचा छडा लावावा.

२. माझी शिडी शेजारी होरेस टफनेल यांना. नऊ वर्षं ती त्यांच्याकडेच आहे. आता निदान लपवून ठेवायला नको.

३. हिरवी उघडी स्पोर्ट्‌स गाडी, १९६७ सालची, धाकटा भाऊ सिरिल याला. इथे खुलासा करणं भाग आहे.

गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतलेली. १९९१ साली दुसरा गिअर पडेना, म्हणून गिअरबॉक्स बदलायचं ठरलं. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर उचलावे लागतात, हे शेंबडं पोरही सांगेल. सिरिल म्हणाला, "इंजिनाला कशाला हात लावायचा? मी खालूनच काढतो." तीन रविवार महाशय गाडीखाली आडवे. चौथ्या रविवारी मुकाट्याने इंजिन उचललं.

सगळं परत जोडलं, क्लच दाबला, तर पेडल थेट तळाला. म्हणजे क्लचचं बेअरिंग आत गेलंच नव्हतं. आता पुन्हा सगळं उचला! मी म्हणाले, "अक्कल गहाण ठेवली होतीस का? चालता हो!"

"अगं एनिड, तूच म्हणालीस ना, बसवलंय म्हणून?"

मी ऐकून घेतलं नाही. तो गेला, आणि गाडी तशीच पडून राहिली. त्यानंतर नाताळचं कार्ड तेवढं यायचं, आतून कोरं.

गेल्या महिन्यात एका बटणासाठी बटणांचा डबा उपडा केला, तर त्यात बेअरिंग! धूळ बसू नये म्हणून मीच ठेवलेलं. अठ्ठावीस वर्षं मी माझ्या भावाला गावभर मूर्ख म्हणत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्स काढायच्या चौतीस पायऱ्या आहेत. बसवण्याबद्दल मात्र एकच ओळ: जोडणी उलट क्रमाने करावी. त्या ओळीला मी आजवर शिव्याच घातल्या. पण सगळ्यात शेवटी निघाला तो सिरिल, म्हणजे आधी त्यालाच परत बसवायला हवा. आणि ते काम मेल्यावर होत नाही. फोन केला.

"सिरिल, बेअरिंग माझ्याकडेच होतं. चुकलं माझं."

तो म्हणाला, "किती वाजता येऊ?"

४. बटणांचा डबाही त्यालाच.

ॲबिंग्डन, १४ ऑक्टोबर २०१९
सही: एनिड वॅगस्टाफ

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
मार्जरी ब्लेन्किन्सॉप, टपाल कार्यालय
ऑब्रे फेन, घड्याळदुरुस्ती

ता. क. साक्षीदारांत सिरिल नाही, कारण ज्याला काही मिळायचं आहे त्याने सही केली तर त्याचा हक्क जातो. तसंही त्याचे हात काळे आहेत. सकाळपासून गाडीखाली आडवा आहे. म्हणतो, इंजिनाला हात लावायची गरज नाही, खालूनच होईल.