देवाच्या गोळ्या

तुळजापूर,
१२ जुलै २०२४

ती. दैवशालावन्सं यांस,
सौ. सरोजिनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. इकडं वैदेहीची लातूरला परीक्षा चालू आहे, स्वानंद नोकरीच्या मुलाखती देत फिरतोय आणि तुमचे बंधुराज शाळेतल्या कारकुनीतून सुटले की देवीच्या दर्शनाला येऊन आपल्याकडं उतरणाऱ्या यजमानांच्या फोनात बुडालेले असतात. नवरात्राला कोण कोण उतरणार याची विचारणा आत्तापासून सुरू झालीय. कलबुर्गीकडच्या आपल्या जुन्या यजमान शरणम्मांचा निरोप तर आषाढ लागायच्या आधीच आला.

आता मुद्द्याचं. फोनवर बोलले असते, पण आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर. वर्षभर माझं बरं नाही, वन्सं. पाळी कधी दोन-दोन महिने गायब, आणि आली की जाता जात नाही. जिना चढले तरी धाप लागते. मधेच अंगातून वाफ निघते, मानेवरून घाम वाहतो. चुलीपुढं असले तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण परवा एका साखरपुड्यात पंख्याखाली बसून भिजले आणि सगळ्या विचारायला लागल्या. चिडचिडीचं तर विचारूच नका. स्वानंदनं चहात साखर कमी आहे म्हटलं, तर मी त्याचा अख्खा कप मोरीत ओतला. मग आत जाऊन रडले, आणि का ते मलाच कळलं नाही.

इथल्या डॉक्टरांकडं गेले होते. त्यांनी पिशवी काढायचं सुचवलं. खरं तर त्यांचं बोलणं संपायच्या आत मीच म्हटलं, काढूनच टाका. श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख घेतलीय, म्हणजे घट बसेपर्यंत मी उभी राहीन. मुलं मोठी झाली, पिशवीचं मला काही वाटत नाही. मला फक्त ती धास्ती नको. दारात यजमान, नैवेद्याचा स्वयंपाक अर्धा, आणि मी मागच्या खोलीत बाजूला बसलेली. लग्नानंतर एकदा तसं झालं, तेव्हा सासूबाईंनी एकटीनं सगळं ओढलं आणि पुढं वर्षभर मला ऐकवलं. आता ऐकवायला त्या नाहीत, पण ओढायलाही कुणी नाही.

तुमचीही काढलेलीच आहे. तुम्ही किती मोकळ्या झालात ते मी पाहिलंय. ऑपरेशनला चार दिवस याल का? भाऊजींना नमस्कार सांगा. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

आपली,
सरोजिनी

*

नळदुर्ग,
१७ जुलै २०२४

चि. सौ. सरोजिनीस,
दैवशालाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लगेच लिहायला बसले. माझा चेहरा बघून ह्यांना वाटलं, माझं पेन्शन अडकलं.

मी येईन. त्याची काळजी सोड. पण तू म्हणतेस मी मोकळी झाले, त्यातलं तुला निम्मंच दिसलंय. माझ्या पिशवीत गाठी होत्या, रक्त चढवायची पाळी आली होती, ते ऑपरेशन टळण्यासारखं नव्हतं. त्याची तक्रार नाही. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. ती का काढली हे मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही. चाळिशी तेव्हा नुकती उलटली होती. घरी आले आणि पंधरवड्यात त्या वाफा सुरू झाल्या, तुला येतात त्याच. पिशवी काढली की वाफा थांबतात असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढ. माझ्या तर त्यानंतरच सुरू झाल्या. वर्गात मी फळ्याकडं तोंड करून उभी राहायची. पोरांना वाटायचं, बाई काहीतरी लिहिणार आहेत. मोरीत घसरून माझं मनगट मोडलं ना, ते काही मोडावं असं पडणं नव्हतं. हाडंच भुसभुशीत झाली होती.

हे मी तुळजापुरात कधी बोलले नाही. तिथं सगळ्या म्हणायच्या, दैवशालाचं बरं झालं, कशालाही हात लावायला मोकळी झाली. ते ऐकायला मला बरं वाटायचं, म्हणून गप्प बसले.

काढू नको असं मी म्हणत नाही. काढावी लागली तर जरूर काढ. पण आधी सोलापूरला जाऊन एखाद्या चांगल्या बाईडॉक्टरला दाखव. सोनोग्राफी कर, रक्त तपास. आतल्या अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवतात, त्याला घाबरू नकोस.

आणि एक विचारायचं राहिलं. डॉक्टरांना त्या गोळ्यांचं सांगितलंस का? शारदीय नवरात्र, पौषातलं शाकंभरी, चैत्री पौर्णिमा, शिवाय कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत, दर वेळी तू पाळी लांबवायच्या गोळ्या घेतेस. आपल्या घरात त्यांना देवाच्या गोळ्या म्हणतात, त्यामुळं कुणी त्यांना औषधात धरत नाही. माझ्या काळी मीही धरल्या नाहीत. तू सांग.

पोरांना आशीर्वाद. उत्तर धाड, नाहीतर मी एसटीत बसून येतेच. लोभ आहेच, तो वाढता असो.

तुझी,
दैवशाला

*

तुळजापूर,
३० जुलै २०२४

ती. दैवशालावन्सं यांस,
सौ. सरोजिनीचा सा. न. वि. वि.

खोटं कशाला लिहू, तुमचं पत्र वाचून आधी राग आला. मी मदतीला बोलावलं आणि तुम्ही मला घोर लावलात. पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. पण भाकरी थापायला डबा काढला की ते दिसायचं. शेवटी यांना म्हटलं, सोलापूरला चला.

बाईडॉक्टर माझ्याच वयाच्या आहेत. त्यांनाही वाफा येत असाव्यात, टेबलावर छोटा पंखा होता. त्यांनी विचारलं, सध्या औषधं कुठली चालू आहेत. मी म्हटलं, काहीच नाही. वन्सं, तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, तरी तोंडातून तेच आलं. मग जीभ चावली आणि सांगितलं. कधीपासून, वर्षातून किती वेळा, असं एकेक विचारत गेल्या तसा माझा आवाज बारीक होत गेला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, या वयात पाळी अशीही मागंपुढं होतेच, त्यात या गोळ्यांनी आणखी गोंधळ घातलेला असू शकतो. त्या बंद केल्याशिवाय तुमचं शरीर आपणहून काय करतंय ते मला कळणार नाही.

सोनोग्राफीत काही वावगं नाही. तुकडा तपासायला गेलाय. रक्त मात्र लई कमी आहे, त्याच्या गोळ्या दिल्या. तुकडा चांगला निघाला तर ऑपरेशनची घाई नाही म्हणाल्या. जास्त जाईल त्या दिवसांपुरतं औषध आहे, पिशवीत बसवायची औषधाची तांबीसारखी वस्तू आहे. वाफांसाठी हार्मोनच्या गोळ्या असतात, पण त्या बीपी आणि छाती तपासूनच देतात. त्यानंही भागलं नाही तर पिशवी आहेच काढायला, आणि तेव्हाही अंडाशयांचं वेगळं बोलून ठरवू. एवढं समजावून आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नुसती मान हलवत होते.

पण देवाच्या गोळ्या पूर्ण बंद. दिवाळीपर्यंत तरी. म्हणजे मधे नवरात्र आलं. आता तुम्हीच सांगा मी काय करू. ऑपरेशन केलं तर नवरात्र निर्धास्त. थांबले तर ती कधी येईल याचा नेम नाही. तुमचं मनगट तसं, पोळपाटापुढं तुम्हाला बसवणं मला पटत नाही. वैदेहीची तेव्हा दुसरी परीक्षा. त्या नऊ दिवसांत स्वयंपाक कोण करील तेवढं सांगा, मी तारीख रद्द करते. कुणी नसेल तर मला दोष देऊ नका.

हे येताना गाडीभर डॉक्टरांचा कागदच उघडून पुन्हा पुन्हा वाचत बसले. गोळ्या दर वेळी तेच आणून द्यायचे.

प्रकृतीला जपा. रागावून लिहिलं असलं तरी पदरात घ्या.

आपली,
सरोजिनी

*

तुळजापूर,
१ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
वसंताचा शि. सा. नमस्कार.

पत्र लिहायची मला सवय नाही. शाळेत दुसऱ्यांची लिहितो तेवढीच. हे पत्र शाळेतूनच टाकतोय. उत्तर घरी पाठवू नकोस, शाळेच्या पत्त्यावर पाठव.

सरोजिनी ऑपरेशनचं का म्हणत होती ते मला सोलापूरला कळलं. मला वाटत होतं, दुखतंय म्हणून म्हणते. मेडिकलवाला सणाच्या आधी पाकीट काढून ठेवायचा, मी खिशात घालून आणायचो. प्रसादाचा नारळ आणावा तसं. त्यानं तिला काय होतं हे मी कधी विचारलं नाही.

तर मला एवढंच कळव. पुरणाला डाळ किती, गूळ किती, आणि झालं हे कसं ओळखायचं. कणीक कशी मळायची तेही लिही. तिला विचारलं तर ती हसेल आणि करू देणार नाही. स्वानंदला मी तयार केलंय. तो म्हणतो, बाबा, मोबाइलवर बघून करू. मी म्हटलं, अक्का आहे.

दाजींना नमस्कार. धाकट्यावर लोभ असू दे.

तुझा,
वसंता

*

नळदुर्ग,
६ ऑगस्ट २०२४

चि. वसंतास,
अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, शहाण्याला सुचलं उशिरा, पण सुचलं. आपले आजोबा सोवळ्यात सगळा नैवेद्य स्वतः करायचे, हे तुला आठवत नसेल. तू रांगत होतास.

हरभऱ्याची डाळ जेवढी, तेवढाच गूळ. डाळ बोटानं चेपेल इतकी शिजव, वरचं येळवणीचं पाणी काढून आमटीला ठेव, मग गूळ घालून आटव. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. आडवं पडलं तर धीर धर, आच वाढवू नको. कणीक सैल मळायची आणि तेल लावून खूप तिंबायची. पहिल्या पोळ्या फुटणारच. फुटलेल्या तुम्ही दोघांनी खायच्या.

पण तिला आधी सांग. नवरात्रात अचानक दाखवायची ही गंमत नव्हे. तिला श्रावणातली तारीख रद्द करायचीय.

तुझी,
अक्का

*

तुळजापूर,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. दैवशालावन्सं यांस,
सौ. सरोजिनीचा सा. न. वि. वि.

दसरा पार पडला. देवी आता कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रेत आहे, गावही जरा शांत झालंय, म्हणून आज सावकाश लिहिते.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला आणि श्रावणातली तारीख रद्द केली हे फोनवर सांगितलंच होतं. रक्त वाढलंय. वाफा अजून येतात, त्या गेल्या असं लिहिलं तर तुम्हाला पटायचं नाही. त्या तांबीचं दिवाळीनंतर ठरवायचंय. बसवेन असं वाटतं, पण आणखी एकदा नीट विचारून घेईन. विचारायची आता लाज वाटत नाही.

ऐन अष्टमीला, पुरणाची डाळ चुलीवर असताना, मला यायची ती आली. मी उलथनं खाली ठेवलं आणि मोठ्यानं सांगितलं, मला बाजूला बसायचंय. ओसरीवर यजमान होते, सगळ्यांनी ऐकलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. हे सोवळं नेसले, स्वानंदनं कणीक घेतली. मी मागच्या खोलीतून नुसत्या आवाजावर ओळखत होते, कुठली पोळी फुटली ते. एकदा न राहवून आच कमी करा म्हणून ओरडले, तर आतून उत्तर आलं की अक्कानं सांगितलंय, आम्हाला ठाऊक आहे.

तेवढ्यात शरणम्मा माझ्या खोलीत आल्या. मी सतरंजी आवरायला लागले, शिवू नका म्हटलं. त्या म्हणाल्या, आमच्यात हे धरत नाहीत, आणि माझ्याच सतरंजीवर टेकल्या. मला वाफ आली तेव्हा पदरानं वारा घालत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, त्यांच्या गल्लीत चाळिशीपुढची, पिशवी असलेली बाई शोधावी लागते. त्यांचीही काढलेली. आता सुनेची, महादेवीची, तारीख घेतलीय दिवाळीनंतर. महादेवी दारात उभी होती. मी तिला जवळ बसवलं आणि पहिलं तेच विचारलं, जे तुम्ही मला विचारलं होतंत. तिनं आधी नाही म्हटलं. मग सासूकडं बघितलं आणि पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. सोलापूरच्या डॉक्टरांचा नंबर मी तिच्या हातावर लिहून दिला, तिच्याकडं कागद नव्हता.

पोळ्या जाड झाल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या. बाजूला बसायचं मात्र मी सोडलेलं नाही, वन्सं. इतक्या वर्षांचं एकदम सुटत नाही, आणि सोडावं का तेही अजून ठरवलेलं नाही. पण त्या खोलीत बसून कुणाचं काही बुडवलं असं यंदा वाटलं नाही.

काल दुपारी मी झोपले. भर दिवसा, दार लावून. पंढरीहून परतणारे कुणी यजमान आले, तर यांनी ओसरीवरूनच सांगितलं की घरातल्या बाई झोपल्यात, कोजागिरी होऊ द्या. देवीबद्दल बोलतायत असं समजून ते बिचारे हात जोडून गेले.

एक सांगायचं राहिलं. घट बसायच्या आधी हे मेडिकलात गेले होते, माझ्या रक्ताच्या गोळ्या आणायला. मेडिकलवाल्यानं न मागता नेहमीचं पाकीट पुढं सरकवलं. यांनी ते परत केलं. दुकानात गर्दी होती, तरी सांगून टाकलं म्हणे, आता नको, आता पुरण मला येतं.

भाऊजींना नमस्कार. थंडीत मनगट जपा, आणि दिवाळीला या. पोळ्या हेच करणार आहेत, तुम्ही फक्त नावं ठेवायला बसा. आजवर केलीत तशीच माया करत राहा.

आपली,
सरोजिनी