उतारावर कोणी नाही

सोमवार, ७ एप्रिल २०२५

आज रुजू झाले! भिंगारहून पहिल्या एस.टी.ने शिर्डी, तिथून शेअर रिक्षाने विमानतळाच्या रस्त्याला. बाहेर एकेचाळीस अंश, आत उणे चार. मालक शेठचं पूर्वी इथे डाळिंबांचं कोल्ड स्टोरेज होतं. तेच उंच करून आत साठ मीटरचा बर्फाचा उतार बांधलाय. बाहेरून अजून गोदामच वाटतं. आत मात्र दर्शन आटोपलेले, गाडीला वेळ असलेले भाविक पायाला स्कीच्या पट्ट्या बांधून घसरतात, आपटतात, एकमेकांचे व्हिडिओ काढतात. एक आजी नऊवारीवर जाकीट चढवून घसरल्या आणि पुन्हा वर न्या म्हणून हटून बसल्या. कितीतरी दिवसांनी इतकी हसले.

खोली जवळच मिळाली आहे. पप्पांना फोन केला. आजारपणामुळे पाचवीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं, रोजनिशीची सवयही त्यांचीच. त्यांचा नियम आजही तोच : डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं.

बुधवार, ९ एप्रिल

मॅनेजर फैयाजसाहेबांनी काम नीट समजावलं. ते म्हणाले, हा धंदा बर्फावर नाही, गारवा राखण्यावर चालतो. दार उघडं राहिलं की वीज वाया गेली समजा. तळाचा दोन फुटांचा थर कधीच वितळू द्यायचा नाही. तो गेला तर पुन्हा बसवायला तीन आठवडे लागतात, आणि सुट्टीच्या हंगामात तीन आठवडे बंद म्हणजे कायमचं बंद.

सहाला हॉल रिकामा करायचा, मग पंखे ताजा बर्फ पाडतात. त्याआधी एकाने उतार चढून जायचं. वरच्या चौथऱ्यामागे राखीव बर्फाचा खोल खड्डा आहे, त्यात वाकून बघायचं, तीन हाका मारायच्या, कान देऊन थांबायचं. खाली येऊन वहीत लिहायचं, 'उतारावर कोणी नाही', आणि सही. सही असल्याशिवाय पंख्यांचं बटण दाबायचं नाही. ही सही आता माझी.

बर्फ सारखा करणारा छगन अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याकडचा, चाळिशीचा. माझ्या हाका ऐकून म्हणाला, "हेलनताई, हळू वरडा की! बर्फ पळून जाईल ना भंडारदऱ्याला." आत जाताना प्रत्येकजण आपल्या चपला दाराबाहेरच्या मांडणीवर ठेवून गमबूट घालतो. छगनच्या टायरच्या चपला नेहमी खालच्या फळीवर.

शनिवार, १२ एप्रिल

प्रचंड गर्दी. उद्या झावळ्यांचा रविवार, घरी चर्चला जायचं म्हणून सहा वीसची एस.टी. पकडायची होती. बोटं बधिर झाली होती. अर्ध्या उतारावरून तीन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. खाली येऊन सही केली.

वर गेले नाही. हे इथे लिहिलेलं बरं.

सोमवार, १४ एप्रिल

छगन नाही. फैयाजसाहेब म्हणाले, शनिवारपासून दिसला नाही, गावच्या जत्रेला गेला असेल. झाडणारी चांगुणाबाई त्याच्याच गावची. ती म्हणाली, "जत्रा पुढल्या म्हयन्यात हाय, ताई."

सकाळी दाराचं कुलूप मीच काढलं. रात्रभर पडलेल्या कोऱ्या बर्फावर पावलं होती. अनवाणी. वरच्या चौथऱ्यापासून सात पावलं खाली, आणि तिथेच संपली. परत वर गेलेली नाहीत. पुढेही नाहीत.

छगनच्या चपला खालच्या फळीवर आहेत.

बुधवार, १६ एप्रिल

काल पंधरा. आज चोवीस. पावलं मी दोनदा मोजली.

संध्याकाळी चढू लागले, पण मध्यावरून पुढे पाय उचलेना. शेवटी फैयाजसाहेबांना शनिवारचं खरं सांगितलं. त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली. मग म्हणाले, छगनचा फोन नुसता बंद आहे, माणूस कुठेही गेला असेल. खड्डा उपसायचा तर गारवा थांबवावा लागेल, उतार वितळेल, चाळीस माणसांचं काम जाईल. दारापाशी थांबून हळूच म्हणाले, "आणि बेटा, वहीत सही तुझी आहे."

चपला कोणीच हलवत नाही. कोणी बघतच नाही तिकडे.

गुरुवार, १७ एप्रिल

तेहतीस.

सणाची रजा मिळाली, उद्यापासून मंगळवारपर्यंत. जाण्याआधी फैयाजसाहेबांनी वही पुढे केली. काम अडायला नको, पाच दिवसांच्या ओळी भरून ठेव म्हणाले. मंगळवारी हॉल लोकांसाठी बंद असतो, तेव्हा पंखे दिवसाही चालतात, म्हणून तीही ओळ भरायची.

पाच वेळा लिहिलं. उतारावर कोणी नाही. पाच सह्या केल्या. न बघता.

रविवार, २० एप्रिल, भिंगार

ईस्टर, पुनरुत्थानाचा दिवस. चर्चमध्ये सगळे गात होते. येशूच्या कबरीवरचा दगड बाजूला सारल्याचा भाग वाचला तेव्हा उठून बाहेर आले.

पप्पांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, की खड्ड्यात वाकून पाहिलंस का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग तुला अजून काहीच माहीत नाही. आधी बघ, मग पोलिसांना सांगू, मी बरोबर येतो. त्यांचे गुडघे मला माहीत आहेत. उतार त्यांना चढवणार नाही.

मंगळवार, २२ एप्रिल. सकाळी दहा

एकटीच आले, पप्पांना न सांगता. चांगुणाबाईने किल्ली दिली. आत चल म्हटलं तर हात जोडले. "म्या न्हाई यायची. त्यो मला रोज हाका मारतोय आतून." मग घरी निघून गेली. फैयाजसाहेब दुपारी येतात.

माझ्या चपला मांडणीवर ठेवल्या. खालच्या फळीवर, त्याच्या शेजारी. दार लोटून घेतलं, सवयीने. गारवा जाऊ नये म्हणून.

पावलं दारापर्यंत आली आहेत. शेवटची दोन उंबऱ्याशी, बोटं दाराकडे. बाहेर कुठेच ओल नाही.

पावणेअकरा

वर आहे. चौथऱ्यावर. पेन गोठलं, पेन्सिलने लिहिते. फावडं घेऊन खड्ड्यात उतरले. कमरेएवढा खणला.

हातमोजा. मग दुसरा. रिकामे नाहीत.

छगन आहे. बसलेला. तोंड वर. तोंड उघडं — हाक देता देता —

म्हणजे त्याने ओ दिली होती. मी मध्यावर होते. मला ऐकू आलं नाही, की मी थांबलेच नाही —

पप्पा, पाहिलं. आता माहीत आहे.

फोनला रेंज नाही. खाली जायचंय.

अकरा

जाता येत नाही. दाराशी कोणीतरी उभं आहे. पाठमोरं. अनवाणी. खड्ड्यात पाहिलं — छगन आहे तिथेच. आणि दाराशीही —

मोटारसायकलचा आवाज. फैयाजसाहेब लवकर आले! ओरडले. घसा बसेपर्यंत. या जाड भिंतींतून माणसाचा आवाज बाहेर जात नाही. दार उघडून बघतील. चपला तरी बघतील —

दाराशी उभा आहे त्याने हाक मारली. एक. दोन. तीन. मी मारते तशीच, माझ्याच चालीवर. मी ओ दिली. देतेय. तो कान देऊन थांबला. माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबला.

मग म्हणाला, "उतारावर कोनी न्हाई."

पंखे सुरू झाले.

वही उघडली असणार त्यांनी. आजच्या ओळीवर सही आहे. माझी स