चमच्याचमच्याने घालवलेली वाईन

प्रिय रोझी,

आज फराळाची ताटं भरली आणि सवयीने पहिलं तुझंच भरलं! चकल्या जास्त, करंज्या कमी. झाकून दारापर्यंत गेले, तर समोर तुझ्या दाराला कुलूप. ताट हातात धरून वेड्यासारखी उभी राहिले. म्हणून लिहायला बसले.

पावसाळ्यात तू देवाघरी गेलीस, तेव्हा रडले होते. पण माणूस नसल्याचं खरं कळतं ते सणासुदीलाच गं.

दसरा आला की आपल्या गिरगावच्या वाडीत तुझ्या काळ्या मनुका, लवंग, दालचिनीचा वास सुटायचा. वाईनच्या बरणीला तू दादरा बांधायचीस, आमच्या लोणच्याला बांधतात तसाच. नाताळच्या सकाळी माझं फराळाचं ताट परत यायचं. त्यात केक, शेजारी वाईनची बाटली. ताट रिकामं परत करायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं होतं?

आणि मी काय करायचे? बाटली औषधांच्या फळीवर, काढ्याशेजारी! कुणी खोकलं की एक चमचा. तुला कळलं तेव्हा कमरेवर हात ठेवून ओरडलीस, "काय गो कुंदा, मला औषधवाली केलीस! ही चमच्याने घ्यायची नाय. बसायचं, बोलायचं, प्यायची!"

"अगं, आमच्याकडे नाही चालत."

"मग खोकला तरी जास्त काढ!"

किती हसलो होतो! पण बसले मात्र कधीच नाही. माझ्या बाबांना बाटलीने गिळलं, हे तुला ठाऊक होतं. म्हणून आग्रह केला नाहीस. का नाही केलास? एकदा हात धरून बसवायचंस की! बाबा भिंतीकडे तोंड करून एकटे प्यायचे. तू बोलावत होतीस ते चकल्या खायला, गप्पा मारायला. हे तू असताना का नाही उमगलं मला?

तुझ्या हातची शेवटची बाटली कोजागिरीला काढली. म्हटलं, रोझीच्या नावाने दोन घोट घेऊ. ओतली, तर आंबट ढाण! "उघडलीस की संपव," दरवर्षी बजावायचीस. पुरवून पुरवून वापरायला गेले आणि सगळीच घालवली.

मग दुसरी आणायला दादरच्या दुकानात गेले, या वयात, पदर सावरत! दुकानदाराने विचारलं, "काकी, गोड की कोरडी? खायला काय आहे?" म्हटलं, "चकली." तो बिचारा फळीवरच्या बाटल्या चाचपायला लागला! तू लगेच सांगितलं असतंस, चकलीबरोबर गोडसर घे, करंजीबरोबर नको, गोडावर गोड बसत नाही. ऐकलेलं सगळं पाठ आहे माझं. चव मात्र चमच्याएवढीच ठाऊक. हात हलवत परतले.

तुझ्या लेकीने बरणी मला दिली आहे. म्हणाली, "मम्मी म्हणायची, कुंदा आंटीला लोणचं जमतं, वाईनपण जमेल." यंदा उशीरच झाला, पण गेल्या आठवड्यात मनुका घातल्या. आत बुडबुड चाललेली असते. येता-जाता बरणीला कान लावते.

तुझं ताट घेऊन आता तिच्याकडेच निघाले आहे. नाताळला तिला इकडे बोलावणार आहे. वाईन जमो की बिघडो, चमचा काढणार नाही. दोन ग्लास मांडीन, तिच्यासमोर बसेन, आणि उघडलेली बाटली उद्यावर ठेवणार नाही. शब्द देते, रोझी.

तुझी,
समोरच्या दारातली कुंदा