नुसतं बोललो होतो

१० नोव्हेंबर, सोमवार

पाचवी फेरी. पाचव्यांदा तेच — ‘शोमबार आशून!’ सोमवारी या! अहो, आज सोमवारच आहे की! जन्मदाखल्याच्या खिडकीमागचे श्यामसुंदरबाबू हसलेसुद्धा नाहीत. माझ्या वर्षाचं रजिस्टर बांधणीला गेलंय म्हणे. बाबांची बँकेतली बदली इथे असताना मी जन्मलो, ही माझी चूक? दाखला नाही तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर जहाजावरचं स्वयंपाकघरातलं काम गेलं. एजंट महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे.

डोकं फिरलं. हिंदीत ओरडलो — आजच्या आज दाखला काढा, नाहीतर पाच-चाळीसच्या बजबज लोकलमध्ये येऊन हातपाय मोडीन. मागून तिसरा डबा, माहितेय मला!

रांगेतले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

माहीत कसं, तर मागच्या महिन्यात काही उद्योग नव्हता म्हणून सियालदहहून बजबजला नदी बघायला गेलो होतो. तिथे नदीपेक्षा तेलाच्या टाक्याच जास्त. डब्यात हे बाबू मांड्यांवर पेपर पसरून तिघांबरोबर पत्त्यांचा ट्वेंटी-नाइन खेळत होते. पान काय आपटतात! खिडकीमागे असे जिवंत दिसत नाहीत.

११ नोव्हेंबर

पोलीस ठाण्यातून फोन, अठराला जबाब द्यायला या. बाबूंनी लेखी तक्रार दिलीय. मी हातसुद्धा लावला नाही हो!

१३ नोव्हेंबर

भाग्यश्रीताईने शेजारच्या आभादींकडे नेलं. त्या वकील. चहा, वर संदेश. संदेश ताजा होता, दोन खाल्ले. ताई डोळे वटारत होती.

‘दादा, सरकारी माणसावर नुसतं चिडणं वेगळं,’ आभादी म्हणाल्या. ‘तू त्याला अमुक काम कर म्हणालास, नाही केलंस तर मोडीन म्हणालास, वर कुठे गाठणार तेही सांगितलंस. झाला गुन्हा. दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.’

‘पण नुसतं बोललो!’

‘हा गुन्हा बोलण्याचाच आहे.’

आणि श्यामसुंदरबाबूंच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही, अशी तंबी.

घरी आल्यावर शंतनुभावोजी सुरू. ‘रांगेतला कोणी साक्षीला आलाय? नाही ना! मग लोकलचं बोललोच नाही म्हणायचं. बघून घेईन, एवढंच म्हणालो. संपलं!’ ताई पोळ्या जोरात लाटत होती.

१४ नोव्हेंबर

फेरीबोटीने हावडा, परत, पुन्हा हावडा. भावोजींचं वाक्य पाठ करत होतो. इतकंसं वाक्य, पाठ होत नाही.

१७ नोव्हेंबर

आभादींचं ऐकलं नाही. माफी मागून मोकळं व्हावं म्हणून पाच-चाळीसला तिसऱ्या डब्यात चढलो. तिघं बसलेले, पेपर पसरलेला, पत्ते तसेच पडलेले. बाबू नाहीत.

‘खेळता येतं का?’ एकाने विचारलं. ‘बसा, चौथा हवाच आहे.’

बसलो! आठ पानं हातात आली तेव्हा विचारलं, चौथे कुठे?

‘आमचे श्यामदा? आता दोन बस बदलून जातात. घरी पोचायला नऊ होतात. गुडघे आधीच गेलेले. कोणीतरी इथे येऊन मोडणार म्हणालाय त्यांना.’

दुसरा म्हणाला, ‘आम्ही समजावलं, कोणी येत-बित नाही. पण माणूस घाबरलाय. त्या गुंडाला डबासुद्धा माहीत आहे!’

गुंड. मी!

पानं खाली ठेवली. पुढच्या स्टेशनात उतरलो. पाठीमागून हाका — ‘ओ दादा, डाव तर पुरा करा!’

१८ नोव्हेंबर

ठाण्यात साहेबांनी विचारलं, ‘लोकलचं बोलला होतास?’

भावोजींनी टेबलाखालून पाय दाबला.

‘हो,’ म्हणालो.

भावोजी उठले, माझ्याकडे न बघता बाहेर गेले. साहेबांनी जबाबावर सहीसाठी पेन पुढे केलं.